शाळा कुणाच्या पैशाची?

(मालवणात भरलेल्या तरुणांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वक्ता नाही. बंदरावर बर्फाच्या लाद्या आणि माशांचे क्रेट उचलतो. रात्री अंग दुखायचं थांबलं तर कविता लिहितो. शिक्षण मॅट्रिक. शिबिरवाले म्हणाले, तू कवितेवर बोल. मी म्हटलं, कवितेवर बोलणारे मुंबईत पायलीला पन्नास मिळतील, मी पैशावर बोलतो. सरकारी शाळेच्या पैशावर. कारण कविता ही नंतरची गोष्ट. आधी कुणीतरी हाताला धरून 'अ' काढायला शिकवावा लागतो, आणि त्या कुणीतरीचा पगार कुणीतरी द्यावा लागतो.

मुंबईहून आलेल्या मित्रांना वाटेल, काय हा विषय! अनुदान, पट, शासन निर्णय. रक्त उसळावं असं यात काय आहे? थांबा जरा. मी तुम्हाला एक आकडा देतो, तो खिशात ठेवा. सत्तावीस रुपये.

केंद्राची समग्र शिक्षा नावाची योजना आहे. तिच्यातून प्रत्येक सरकारी शाळेला वर्षाला एक अनुदान मिळतं. संयुक्त शाळा अनुदान. पटावर १ ते ३० मुलं असतील तर वर्षाला १०,००० रुपये. ३१ ते १०० असतील तर २५,०००. १०१ ते २५० ला ५०,०००. त्यापुढे ७५,०००, आणि हजाराच्या वर पट गेला तर १ लाख. आता आमच्या सिंधुदुर्गातल्या वाडीवरच्या शाळेत तीस मुलं म्हणजे जत्रा. तेव्हा आमच्या वाट्याला दहा हजार. भागा तीनशे पासष्टानं. दिवसाला सत्तावीस रुपये. एस.टी. स्टँडावर दोन चहा. या दोन चहात खडू आणायचे, विजेचं बिल भरायचं, प्यायचं पाणी बघायचं, मोडलेली कडी बसवायची, आणि निदान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च केले असं दाखवायचं. वा रे हिशेब!

बरं, हा हिशेब कशावर? डोक्यांवर. जितकी डोकी तितका पैसा. ऐकायला किती न्यायाचं वाटतं बघा. सगळ्यांना सारखं. पण आमच्याकडे पाऊस डोकी मोजून पडत नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस सात मुलांच्या छपरावर पडतो तेवढाच सत्तर मुलांच्या छपरावर पडतो. कौलं दर वर्षी परतावीच लागतात. वासा सात मुलांसाठी कमी कुजत नाही. विहीर सात मुलांसाठी अर्धी खणता येत नाही. आणि मास्तर तर मुळीच अर्धा आणता येत नाही. वेंगुर्ल्यासमोर समुद्रात खडकांवर दीपगृह आहे. आज दोनच बोटी जाणार आहेत म्हणून त्याचा दिवा मंद करा, असं कुठला खलाशी म्हणेल? बोट एक असली तरी खडक तेवढेच.

तर पहिली गोष्ट ही. शाळेला रास्त पैसा म्हणजे डोक्यागणिक सारखा पैसा नव्हे. रास्त पैसा म्हणजे शाळा उभी राहायला जेवढा लागतो तेवढा. आधी शाळा उभी करा, मग डोकी मोजा.

आता डोकी कमी का झाली तेही बघू. सिंधुदुर्ग हा महाराष्ट्रातला लोकसंख्या घटणारा जिल्हा. २००१ च्या जनगणनेत ८ लाख ६८ हजार, २०११ मध्ये ८ लाख ४९ हजार. महाराष्ट्र वाढला, आम्ही आटलो. माणसं मुंबईला गेली, गोव्याला गेली. मनीऑर्डरवर जगणारा मुलूख म्हणून आम्हाला हिणवलं. गिरण्या चालवल्या आम्ही, गोदी चालवली आम्ही, आणि गावची शाळा ओस पडली म्हणून दंडही आम्हालाच!

मी ज्या शाळेत शिकलो तिचं नाव घेत नाही, कारण ती आज यादीत आहे आणि तिथे एक बाई एकटी चार वर्ग सांभाळते. तिला माझ्या भाषणाचा त्रास नको. पटावर सात मुलं. दोन आमच्या बौद्धवाडीतली. एक धनगरवाडीवरून डोंगर उतरून येतो. दोन आंब्याच्या बागेतल्या नेपाळी राखणदाराची. दोन चिरेखाणीवर राबणाऱ्या कर्नाटकातल्या मजुरांची. झाली सात. ज्यांच्या दारात मोटारसायकल आली त्यांची पोरं पिवळ्या गाडीत बसून इंग्रजी शाळेत गेली. मी त्यांना शिव्या देत नाही. एक बाई चार वर्गांना शिकवते, तीच पोषण आहाराचा तांदूळ मोजते, तीच निवडणुकीच्या याद्या करते, तीच तालुक्याला मीटिंगला गेली की कुलूप. कोण आईबाप पोर ठेवील? ज्याला दुसरी वाट होती तो गेला, ज्याला नव्हती तो उरला. तेव्हा सरकार जेव्हा म्हणतं पट कमी झाला, तेव्हा नीट ऐका. मुलं संपलेली नाहीत. ज्यांच्यासाठी ही शाळा काढली होती तीच नेमकी आत बसलेली आहेत.

आणि शाळा 'बंद' असा शब्द तुम्हाला कुठल्याच कागदावर सापडणार नाही. समायोजन. काय गोड शब्द आहे! २०१७ च्या डिसेंबरात दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळांचं असं समायोजन करायचा निर्णय झाला. २०२२ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची माहिती मागवली गेली. २०२३ मध्ये नाव बदललं, समूह शाळा. चार लहान शाळा मिळून एक मोठी. नकाशावर बोट ठेवून साहेब सांगतो, बघा, जवळच तर आहे! शिक्षण हक्काच्या नियमात पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत पाहिजे. साहेबाचा किलोमीटर मेमधला. आमच्या पोरांचा किलोमीटर जुलैतला. मधे व्हाळ भरून वाहतोय, साकवाची फळी गेलीय, वाटेत काट्याकुट्याचं रान आणि सापकिरडू. वाडीतली एक आवस मला म्हणाली, "शाळा गेली तर माज्या चेडवाक खय धाडू? झीलाक काय, तो जायत खयय." हे एक वाक्य सगळ्या शासन निर्णयांना भारी आहे. शाळा लांब गेली की आधी मुलगी घरी बसते. मग दुसऱ्या वाडीत जायला बुजणारं आमचं पोर. मग धनगराचं. मग परमुलखातल्या मजुराचं, ज्याच्यासाठी बोलणारा कोणीच नाही. यादी कुठून कुठे जाते बघा. मनूला वेगळी यादी लिहायची गरजच उरलेली नाही, अंतरच त्याचं काम करतं.

यातली आणखी एक गंमत सांगतो. १ जून ते ३१ जुलै समुद्रात यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. बोटी किनाऱ्याला, आमचे हात रिकामे. आणि शाळा उघडते जूनच्या मध्याला. म्हणजे वह्या, दप्तर, छत्री हा सगळा खर्च नेमका त्या महिन्यात, ज्या महिन्यात बंदरावरच्या मजुराच्या घरात दमडी येत नाही. सरकार पुस्तकं फुकट देतं, मान्य. पण लांबच्या शाळेला जायचं रिक्षाचं भाडं जूनमध्ये कोण देणार? वाहतूक भत्ता देऊ म्हणतात. भत्त्याची कथा ऐका. अनुसूचित जाती-जमातींच्या, भटक्यांच्या गरीब मुलींना शाळेत येण्यासाठी उपस्थिती भत्ता १९९२ साली सुरू झाला. दिवसाला एक रुपया. तीस वर्षं झाली तरी तो एक रुपयाच होता. सोनं वाढलं, डिझेल वाढलं, आमदारांचे भत्ते वाढले. आमच्या पोरीचा रुपया मात्र इमानी निघाला, जागचा हलला नाही.

पैसा नाही असं म्हणू नका. इथून हाकेच्या अंतरावर राजकोट किल्ल्यात ४ डिसेंबर २०२३ ला पुतळा उभा राहिला, २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला, आणि २०२५ मध्ये त्याहून मोठा पुतळा उभाही झाला. पैसा हवा तेव्हा कसा वाऱ्यासारखा येतो ते मालवणकरांनी डोळ्यांनी पाहिलंय. शिवाजीराजाबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ज्या राजानं इथल्या कोळ्या-भंडाऱ्यांच्या हातात आरमार दिलं, त्याच्या नावाच्या भूमीत वाडीवरच्या शाळेचा वासा बदलायला पैसा मिळत नाही, हे त्याला तरी आवडलं असतं का?

मास्तरांचंच घ्या. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो, पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. महाराष्ट्र सरकारचा १५ मार्च २०२४ चा निर्णय सांगतो, वीसपर्यंत पट असेल तर एक शिक्षक, आणि गरज वाटली तर जोडीला एक निवृत्त शिक्षक. संसद म्हणते दोन, मंत्रालय म्हणतं एक आणि एक पेन्शनर! म्हणजे आधी शिक्षक काढा, मग पोरं जातील. पोरं गेली की पट घटेल. पट घटला की अनुदान घटवा, आणि मग म्हणा, बघा, लोकांनाच सरकारी शाळा नको झाली. आमच्या बंदरावर असं करणाऱ्या माणसाला एक नाव आहे, बोटीच्या तळाला भोक पाडून पाणी भरलं म्हणून बोंब मारणारा.

आता मी मूळ मुद्द्याला येतो. शाळा कुणाच्या पैशाची, हा प्रश्न आपल्यासाठी जीवनमरणाचा का आहे? इतिहासात जाऊ.

१८५६ साल. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात. एका महार मुलानं सरकारी शाळेत प्रवेश मागितला. नाकारला. त्यानं मुंबई सरकारकडे अर्ज केला. सरकारनं काय सांगितलं माहीत आहे? न्याय त्याच्याच बाजूला आहे, यात शंका नाही. पण एकदोघांसाठी युगायुगांच्या समजुतीत हात घातला तर शिक्षणाच्या कार्याचंच नुकसान होईल. नीट ऐका, मित्रांनो. एकदोघांसाठी! आज सात मुलांसाठी शाळा परवडत नाही म्हणतात, तेव्हा एका मुलासाठी न्याय परवडत नव्हता. डोकी मोजून न्याय द्यायचा हा धंदा १८५६ पासून चालू आहे.

पण ते प्रकरण वर लंडनपर्यंत गेलं, आणि १८५८ मध्ये मुंबई सरकारला जाहीर करावं लागलं की ज्या शाळा सर्वस्वी सरकारच्या खर्चानं चालतात त्या सर्व प्रजेला, जात न पाहता, खुल्या राहतील. सर्वस्वी सरकारच्या खर्चानं. या तीन शब्दांखाली रेघ मारा. आणि ज्या शाळा थोड्या सरकारी, थोड्या खाजगी पैशावर चालतात त्यांचं काय? तिथे दार उघडलंच पाहिजे असा हुकूम नाही. जातीवरून अडवलं तर अनुदान काढून घ्यायचा हक्क सरकारनं फक्त स्वतःकडे राखून ठेवला. म्हणजे पूर्ण सार्वजनिक पैसा, तर पूर्ण दार. अर्धा पैसा, तर अर्धं दार.

१८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. सरकारच्या तिजोरीत पैसा येतो तो रयतेच्या घामातून, आणि तो खर्च होतो वरच्यांच्या उच्च शिक्षणावर. शिक्षणाच्या नावानं पट्टी घेता, ती तरी शिक्षणावर खर्च करा. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. वरून ज्ञान झिरपत खाली येईल, ही इंग्रजांची आणि त्यांच्या भटशिष्यांची थाप जोतीरावांनी तिथेच उधळून लावली. आजसुद्धा शिक्षणाच्या नावानं पट्टी आहेच. २००४ मध्ये केंद्रानं २ टक्के शिक्षण उपकर बसवला. २०१८ पासून आयकरावर आरोग्य आणि शिक्षण मिळून ४ टक्के. पण उपकराची मेख अशी, की तो राज्यांना वाटून द्यावा लागत नाही, केंद्राकडेच राहतो. आणि शाळा चालवायची राज्यानं आणि जिल्हा परिषदेनं. जोतीरावांचा प्रश्न दीडशे वर्षांच्या उंबरठ्यावर अजून उभाच आहे.

मग १९२३ चा बोले ठराव. सीताराम केशव बोले, भंडारी समाजाचे पुढारी. मालवणात बोलतोय म्हणून मुद्दाम सांगतो, इथल्या भंडारी मित्रांनी ते नाव विसरू नये. त्यांच्या ठरावानं मुंबईच्या कायदेमंडळानं काय म्हटलं? सार्वजनिक पैशातून बांधलेले, चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले. पुन्हा तेच. सार्वजनिक पैसा.

आणि आता बाबासाहेब. १२ मार्च १९२७, मुंबई कायदेमंडळ, शिक्षणाच्या अनुदानावरची चर्चा. बाबासाहेब नव्यानंच सभासद झालेले. त्यांनी आकडे टाकले. सरकार शिक्षणावर दरडोई खर्च करतं १४ आणे, आणि दारूच्या अबकारीतून दरडोई वसूल करतं २ रुपये २ आणे ९ पै. निदान दारूतून जेवढं घेता तेवढं तरी शिक्षणावर द्या. शाळेत शंभर मुलं घातली तर चौथीपर्यंत पोचतात अठरा, बाकीची ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत बुडतात. आणि शिक्षण प्रत्येकाच्या आवाक्यात आलं पाहिजे, त्याचा व्यापार होता कामा नये. हे झालं १२ मार्चला. आणि आठ दिवसांनी, २० मार्च १९२७ ला, महाडला चवदार तळं.

आपण २० मार्च साजरा करतो. १२ मार्च कुणाला आठवतो? पण दोन्ही दिवसांचा मुद्दा एकच होता. तळं नगरपालिकेचं, म्हणून आमचं. शाळा सरकारी पैशाची, म्हणून आमची. सवर्णांना हे बरोबर कळलं होतं, म्हणून ते कोर्टात काय घेऊन गेले? तळं सार्वजनिक नाहीच, खाजगी आहे! दहा वर्षं खटला चालला आणि १९३७ मध्ये हायकोर्टात त्यांचा दावा पडला. खाजगी असल्याचं सिद्ध झालं असतं तर ते पाणी पुन्हा बाटलं असतं. विचार करा, एका शब्दावर किती जणांची तहान टांगलेली होती.

तोच शब्द आज शाळेच्या पाटीवर येऊ घातलाय. १८ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयानं सरकारी शाळा कंपन्यांनी, देणगीदारांनी दत्तक घ्यायची सोय केली. ठरावीक काळ शाळेला आपलं नाव लावायचीही मुभा. दत्तक! ज्या पोराचे आईबाप मेलेत ते दत्तक देतात. सरकार जिवंत आहे ना? मला देणगीदाराच्या पैशाचा विटाळ नाही. पण देणगी ही मर्जी, आणि मर्जी संपते. खजिना हा हक्क, आणि हक्क मागता येतो. देणगीदारापुढे हात जोडावे लागतात, खजिन्यापुढे मूठ वळवता येते. धर्मशाळा बांधणारे शेठजी याआधीही होतेच की, आणि आपण ओसरीच्या बाहेरच होतो.

दुसरं उदाहरण. कायद्यानं खाजगी शाळांत २५ टक्के जागा गरिबांच्या मुलांसाठी. ९ फेब्रुवारी २०२४ ला महाराष्ट्र सरकारनं नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर तिथल्या खाजगी शाळेला ही २५ टक्क्यांची सक्ती नाही. म्हणजे खाजगी शाळेच्या दारात आम्हाला सांगायचं, तुमची सरकारी शाळा आहे ना जवळ, तिकडे जा. आणि सरकारी शाळेच्या दारात सांगायचं, पट कमी आहे, समायोजन झालंय. जायचं कुठे, समुद्रात? मुंबई हायकोर्टानं १९ जुलै २०२४ ला तो बदल रद्द केला. पण त्यांच्या मनात काय आहे ते कळलं.

हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. आपण अमेरिकेतल्या काळ्या बांधवांकडून स्फूर्ती घेतली, तर तिथला हिशेबही बघा. टेक्सासमध्ये सॅन अँटोनिओ शहर. तिथे शाळा चालायची त्या वस्तीतल्या घरांवरच्या करातून. एजवूड ही गरीब, बहुतेक मेक्सिकन वस्ती. अलामो हाइट्स ही श्रीमंत गोऱ्यांची. एजवूडच्या मुलामागे वर्षाला ३५६ डॉलर, अलामो हाइट्सच्या मुलामागे ५९४. एजवूडची माणसं कराचा दर जास्त भरत होती, तरी! डेमेट्रिओ रॉड्रिग्ज नावाचा कामगार बाप कोर्टात गेला. १९७३ मध्ये त्यांच्या सुप्रीम कोर्टानं पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं, शिक्षण हा आमच्या संविधानातला मूलभूत हक्क नाही. आपल्या संविधानात आहे. २००२ च्या दुरुस्तीनं कलम २१-अ आलं. जे त्या बापाकडे नव्हतं ते हत्यार आपल्याकडे आहे, आणि आपण ते म्यानात घालून जयंतीच्या मिरवणुकीत नाचतोय.

काहीजण विचारतील, सरकार काही खर्च करत नाही काय? करतं. आज महाराष्ट्राचा शालेय शिक्षणाचा खर्च दारूच्या उत्पन्नाहून पुष्कळ मोठा आहे. बाबासाहेबांचा १९२७ चा आकडा आज जसाच्या तसा लावता येणार नाही. त्यातला मोठा भाग पगार, आणि पगार म्हणजे उधळपट्टी नव्हे, मास्तर हीच शाळा. पण पुरेसा म्हणजे किती, हे १९६६ मध्ये कोठारी आयोगानं सांगून ठेवलंय. राष्ट्रीय उत्पन्नाचे ६ टक्के शिक्षणावर, आणि तेही १९८५-८६ पर्यंत. २०२० च्या नव्या धोरणात पुन्हा तेच ६ टक्के लिहिले. साठ वर्षं एकच वचन, एकच थाप. दर वर्षी दहावीच्या निकालात कोकण विभाग पहिला म्हणून वर्तमानपत्रात फोटो येतात. ती पोरं कुठून येतात? याच कौलारू शाळांतून. पाळं तोडता आणि फणसाचं कौतुक करता!

आता थोडं आपल्याशी. आपण शिष्यवृत्तीसाठी मोर्चे काढतो, वसतिगृहासाठी उपोषणं करतो, राखीव जागांसाठी डोकी फोडून घेतो. केलंच पाहिजे, पुढेही करू. पण राखीव जागा ही वरच्या मजल्यावरची खुर्ची आहे. ते लोक खुर्चीला हात लावत नाहीत, खालच्या मजल्याचा जिना काढून नेतायत. खुर्ची शाबूत, जिना गायब. मुंबईत महापालिकेच्या मराठी शाळांचं काय झालं ते तुम्ही तुमच्या गल्लीत बघितलंय. तिथे व्हाळ नाही, हायवे आहे, एवढाच फरक. आणि आपल्यातले जे साहेब झाले त्यांनाही विचारा, तुमच्या मुलाची शाळा कुठली? ते रागावतील. रागावू देत.

करायचं काय? मी मजूर माणूस, मला काम दिसलं पाहिजे.

शिक्षण हक्क कायद्यात प्रत्येक सरकारी शाळेला शाळा व्यवस्थापन समिती आहे. तीन चतुर्थांश सभासद पालक. निम्म्या बाया. त्या समितीनं शाळेचा विकास आराखडा करायचा, आणि कायदा म्हणतो, सरकारची योजना आणि अनुदान त्या आराखड्यावर आधारलेलं पाहिजे. कलम २२, वाचून बघा. पण समितीत अंगठा उठवणारी आमची आवस बसलेली असते, आणि आराखडा तालुक्यावरून छापून येतो. तिथे तुम्ही बसा. मे महिन्यात तुम्ही गावी येता, आंबे-फणस खाता. त्यातले चार दिवस द्या. समितीसोबत शाळेत बसा. कौलं मोजा, वासे मोजा, विजेचं बिल बघा, मास्तर किती दिवस बाहेरच्या कामावर होते ते लिहा, आणि खरा आराखडा करा. इतका खर्च आहे, इतकं अनुदान आहे, इतकी तूट आहे. तो ग्रामसभेत वाचा, ठराव करा, पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय हलू नका. मग माहितीच्या अधिकारात विचारा, आमच्या आराखड्याचं काय झालं?

आणि चार मागण्या पाठ करा. एक, पट कितीही असो, इमारत, वीज, पाणी, दुरुस्ती यांचा पूर्ण खर्च आधी, डोक्यागणिक पैसा त्याच्यावर. दोन, कायद्याप्रमाणे दोन कायम शिक्षक, निवृत्ताची ठिगळं नकोत. तीन, ग्रामसभा आणि व्यवस्थापन समितीच्या ठरावाशिवाय समायोजन नाही, आणि नवीन शाळेची वाट साहेबानं स्वतः जुलैत, पहिलीतल्या पोराचा हात धरून चालून दाखवायची. चार, सरकारी शाळेच्या पाटीवर कुठल्याही शेठजीचं नाव नाही.

आमच्या शाळेचा ठराव येत्या ग्रामसभेत आहे. सात मुलं, एक बाई, आणि समितीत बसलेल्या माझ्यासारख्यांच्या आया. आम्ही तूट काढून ठेवलीय, कागद तयार आहे. तुमच्यातल्या ज्यांना कायद्याचं कलम नीट वाचून दाखवता येतं त्यांनी त्या दिवशी या. हारतुरे नकोत, भाषण नको. मागच्या बाकावर बसा आणि पोच मिळेपर्यंत उठू नका.

जयभीम.